प्रतिसाद: सोजर्नर ट्रुथचं ते गाजलेलं वाक्य
सोजर्नर ट्रुथ ही गुलामीतून सुटलेली अमेरिकेतली कृष्णवर्णीय वक्ती. तिच्या "मी बाई नाही का?" या एका वाक्यात गुलामीविरोधी आणि स्त्री-हक्कांची चळवळ एकत्र येते, असं म्हटलं जातं. दोन्ही लढ्यांचं नातं अगदी मान्य, पण ते वाक्य तिचं असण्याबद्दल मला मोठी शंका आहे. हे वाक्य ज्यातलं म्हणतात ते ॲक्रनच्या (ओहायो) स्त्री-हक्क परिषदेतलं तिचं भाषण १८५१ चं. गुलामीविरोधी वृत्तपत्राचे संपादक मारियस रॉबिन्सन यांनी काही आठवड्यांतच छापलेल्या वृत्तांतात ते कुठेच नाही. ते येतं त्या परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांच्या १८६३ च्या आठवणीत, तब्बल बारा वर्षांनी, तेही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत. सोजर्नर तर उत्तरेतल्या न्यूयॉर्क राज्यात वाढली, तिची पहिली भाषा डच! गेजबाई तिला तेरा मुलं देतात, तिची होती पाच.

रॉबिन्सनच्या वृत्तांतली सोजर्नर मला जास्त भिडते. नांगरणी, कापणी, लाकूडफोड सगळं केलंय, पुरुष याहून जास्त काय करतो, असं ती सरळ विचारते. आणि दक्षिणेतल्या अलाबामात विकल्या गेलेल्या पीटर या मुलासाठी ती कोर्टात गेली, १८२८ मध्ये त्याला परत मिळवलं. गोऱ्या माणसाविरुद्ध, स्वतः नुकतीच गुलामीतून सुटलेली असताना! तिची आठवण काढताना हे आधी सांगायला हवं.