उत्तर: वर्कस्टेशन – यूपीएसचं उद्या बाराच्या आत सांगा

मंडळी, इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मशीन जवळपास पक्कं केलंय, रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम. अडलंय यूपीएसवर, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणाऱ्या डब्यावर; दुकानदार म्हणतो ६०० व्हीए (यूपीएसची ताकद यात मोजतात) पुष्कळ झाला. गेल्या आठवड्यात लाइट क्षणभरच गेली अन् रात्रभर लावलेला रेंडर (डिझाइनवरून पक्कं चित्र बनवायचं काम) सकाळी बघतो तर मशीनच बंद, दुपारी क्लायंटला फ्लॅटचे व्ह्यू द्यायचे होते, काय अवस्था झाली असेल बघा. उद्या ॲडव्हान्स देतोय.
– रामबागेतून

अरे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे! साध्या यूपीएसला ०.६ने गुण, ३६० वॅट उरतात. तुझं कार्ड एकटं २०० खातं, प्रोसेसर पूर्ण लोडवर २३०पर्यंत जातो, मॉनिटर वेगळाच. लाइट गेली की ओव्हरलोडची शिट्टी वाजणार अन् सगळं बसणार. १५०० व्हीए घे, तोही प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा, कारण हल्लीच्या एसएमपीएसमध्ये (मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये) ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज एकसारखी ओढणारं सर्किट असतं आणि त्यातले काही सप्लाय साध्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर चालत नाहीत.
– सुदामानगरचे काका

काका, पण घरचा इन्व्हर्टर असताना वेगळा खर्च कशाला? आमच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचा, म्हणजे लाइट गेली की झटकन बॅटरीवर जायचा, खटका आहे, तो केल्यापासून माझा कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.
– लोकमान्यनगरच्या वहिनी

वहिनी, तुमचा कॉम्प्युटर हिशेबाचा, त्याचा रेंडरचा. इन्व्हर्टरवर पंखे, फ्रिज आणि वर हे, नाही झेपायचं. आणि यूपीएसला लेझर प्रिंटर लावू नकोस, तो तापताना एकदम ओढतो, माझा यूपीएस त्यातच गेला.
– काका

रॅम कशी देतोय ते आधी विचार. चार १६च्या स्टिक देत असेल तर नको म्हण, ३२च्या दोनच घे. या प्रोसेसरला दोन स्टिकवर ५२०० स्पीड मिळतो, चार लावल्या की तो बनवणाऱ्या एएमडीच्याच हिशेबाने ३६००. पुढे वाढवायलाही दोन स्लॉट मोकळे राहतात, फक्त तेव्हा स्पीड उतरेल.
– स्मरणिकेचं पान लावणारा

मंडळाचा मोठा यूपीएस कुणी मागायच्या आधीच सांगते, तो गणपतीत साउंडला लागतो, मिळणार नाही. मागच्या वेळी दिला तर बॅटरी फुगून परत आला, किल्ली माझ्याकडेच राहील.
– भांडार

ताई, नाही मागत. कोटेशन बघितलं, खरंच चार १६च्या आहेत! बदलून घेतो. काका, उद्या अकराला दुकानात येता का? तुम्हाला वर चढवायला मी खालीच उभा राहतो.
– रामबागेतून