भीती कानातून शिरते, चित्रं नुसती हजेरी लावतात

कातरवेळ
मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं असेल त्याला थेट खाली जाता येईल. घाबरवणं हे मुळात आवाजाचं काम आहे. सिनेमा आणि मालिका त्याच्याच जिवावर घाबरवतात. कॉमिक्सला आवाज नाही, त्यामुळे ती फार तर किळस आणतात.

पुरावा खुद्द जॉन कार्पेंटरनं देऊन ठेवलाय. ‘हॅलोविन’ (१९७८) हा आपला भयपट त्यानं संगीत चढवण्याआधी एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला. त्या जराही घाबरल्या नाहीत. मग पठ्ठ्यानं स्वतः बसून पाच मात्रांची ती पियानोची धून केली. आपला कान चारावर थांबायला बघतो आणि ही धून एक मात्रा जास्त घेते, त्यामुळे पूर्ण वेळ पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते. ‘सायको’त (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीही लिहिलं, नुसत्या तंतुवाद्यांवर. ते ऐकल्यावर हिचकॉकनं हट्ट सोडला.

आणि आपला ‘महल’ (१९४९). ‘आयेगा आनेवाला’ गाताना लांबून माइककडे चालत येण्याचा किस्सा लताबाईंनीच सांगितलाय. तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणं घराघरात, आणि गाणारी कोण ते कुणाला ठाऊक नाही. शरीराशिवाय फिरणारा आवाज! भूत याहून वेगळं काय असतं?

टीव्हीचा आवाज बंद करून कुठलाही भयपट लावा. रंग फासलेली माणसं अंधारात चाचपडताना दिसतील, बस.

खवीस_सदाशिवपेठी
‘नोस्फेरातू’ (१९२२). मूकपट. जिन्यावरून चढत जाणारी सावली शंभर वर्षांनंतरही लोक विसरलेले नाहीत. धन्यवाद, चर्चा संपली.

कातरवेळ
मूकपट, पण बर्लिनच्या पहिल्या खेळाला हान्स एर्डमननं खास लिहिलेलं संगीत वाद्यवृंद वाजवत होता. मूकपटाचं थिएटर मुकं नसायचं हो. चर्चा चालू आहे.

रद्दीवाला
“कॉमिक्स फार तर किळस आणतात” हे १९५४ साली अमेरिकेत म्हणायला हवं होतंत, प्रकाशक बिल गेन्सनं तुम्हाला हार घातला असता. त्याच्या ईसी कॉमिक्समधल्या भयकथांवरून सिनेटच्या उपसमितीसमोर त्याची साक्ष झाली. एका मुखपृष्ठावर कुऱ्हाडवाला माणूस आणि त्याच्या हातात बाईचं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर गेन्सचं उत्तर असं की भयकथांच्या मासिकासाठी आहे. मुंडकं थोडं वर धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं! त्याच वर्षी प्रकाशकांनी जी आचारसंहिता केली तिच्यात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द मासिकाच्या नावात वापरायलाही बंदी. आवाज नसलेल्या कागदाला एवढं कोण घाबरतं?

पण हा झाला इतिहास. खरं उत्तर जपानी कॉमिक्सवाला जुंजी इतो. हा माणूस आधी दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करायचा (चित्रं बघितली की पटतं). त्याच्या ‘उझुमाकी’त एका गावाला वेटोळ्याचं वेड लागतं. गोगलगाय, धूर, केस, शेवटी माणसाचं अंग, सगळं वेटोळं होत जातं. त्याची युक्ती अशी की पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी काहीतरी बघून थिजतं, आणि काय बघितलं ते पान उलटल्यावरच कळतं. सिनेमात डोळे गच्च मिटले तरी प्रसंग आपला पुढे सरकतो. इथं तुम्ही पान उलटलं नाही तर काहीही घडणार नाही. म्हणजे ते घडवून आणणारा हात तुमचाच. ही सोय कुठल्या व्हायोलिनकडे आहे?

आणि मुख्य गोष्ट. २०२४ मध्ये याच कथेची चार भागांची ॲनिमेशन मालिका आली. संगीत कॉलिन स्टेटसनचं, म्हणजे ‘हेरेडिटरी’ या भयपटाला (२०१८) ज्याचं होतं तोच. पहिला भाग उत्तम. दुसऱ्यापासून चित्रं घसरली आणि चाहत्यांनी डोक्याला हात लावला. आवाज आला, हालचाल आली, भीती गेली. तुमच्या सिद्धान्तात हे बसवून दाखवा.

स्वरभंग
मी गाणं शिकते, त्यामुळे धागा बघून आधी खूश झाले. पण सहमत नाही.

पाच मात्रांना घाबरायचं असेल तर झपताल वाजवणाऱ्या प्रत्येक तबलजीची दृष्ट काढायला हवी. तीच गत सुरांची. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या पहिल्या तबकडीची (१९७०) सुरुवात आठवा. पाऊस, चर्चची घंटा, मग गिटारवर तीन सूर, आणि त्यातलं मुख्य अंतर षड्ज ते तीव्र मध्यम. पाश्चात्त्य लोक त्याला सैतानाचं अंतर म्हणतात. अहो, तीव्र मध्यम आम्ही यमन रागात रोज संध्याकाळी लावतो. शेजारी फार तर खिडकी लावून घेतात.

म्हणजे सूर स्वतः घाबरवत नाही. त्याला आधी कुठल्यातरी चित्राला बांधावं लागतं. ‘सायको’चं तेच कर्कश व्हायोलिन आता विनोदी कार्यक्रमात सासू दारात आली की वाजतं आणि लोक खदाखदा हसतात. सूर तेच आहेत, चित्र बदललं.

अवांतर: हल्ली पाच मिनिटं शांतता आणि मग एकदम धाडकन आवाज, याला भयपट म्हणतात. माणूस कुकरच्या शिट्टीनंही दचकतो.

कातरवेळ
यमनाला खाली तानपुरा असतो. सगळे सूर घरच्या उंबऱ्याच्या आत आहेत हे तो क्षणोक्षणी सांगत राहतो. ‘ब्लॅक सॅबथ’च्या टोनी आयोमीच्या गिटारखाली तसं काही नाही, ते अंतर उघड्यावर पडलंय. त्यामुळे ही तुलना मला मान्य नाही. सासूचा मुद्दा चांगला आहे, पण विडंबन मूळ चीज जबरदस्त असेल तरच जमतं.

भरतवाक्य
नाट्यशास्त्रात भयानक रस कशानं निर्माण होतो याची यादी आहे. सुरुवातच ‘विकृत रवा’नं, म्हणजे विचित्र आवाजानं. पुढे कोल्हे आणि घुबडं आहेतच. तेव्हा धागाकर्त्याच्या बाजूला साक्षात भरतमुनी, असं म्हणायला हरकत नव्हती. पण त्याच यादीत ओसाड घर आणि अरण्यही आहे, आणि स्वकीयांचा वध किंवा कैद बघणं, ऐकणं, नुसती त्याची गोष्ट कानावर येणं हेही. सगळे दरवाजे उघडे ठेवलेत.

माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही किळस खालच्या पायरीवर ठेवलीत. बीभत्स हा वेगळा रस आहे, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस), आणि तो भयानकाचा गरीब भाऊ नाही. इतोची वेटोळी बीभत्सात मोडतात, ‘महल’ भयानकात. दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजल्यावर एक जण नापास होणारच.

रापण
मेल्यानू, आमच्या हय काय रातदिस भुताच नाचतत?

हे एकदा कोकणच्या वतीनं बोलून घेतलं. आता मुद्दा. टीव्हीला इथं कुणी विचारतच नाहीये. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली (नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ या सिनेमातल्या गाण्याचं, सुधीर मोघ्यांचे शब्द), तेव्हा आमच्या घरी ती बघून झाल्यावर मागच्या पडवीत एकटं कोणी जाईना. कारण साधं आहे. थिएटरात घाबरलेला माणूस बाहेर येतो, रिक्षा, दिवे, माणसं बघतो, विसरतो. मालिका संपते तेव्हा आपण घरातच असतो, आणि आमचं घर त्या नाईकांच्या वाड्यासारखंच! तेच लाकडी खांब, तोच अंधारा माजघर, तीच विहीर. आवाज-चित्राच्या भानगडीत घर कुठं बसवणार?

पण टीव्हीच टीव्हीला मारतो. दुसऱ्या पर्वात (२०१९) अख्खा महाराष्ट्र अण्णा आणि शेवंताच्या प्रेमात पडला. भूत लाडकं झालं की भीतीचा बाजार उठला. रोजचा भाग काढायचा म्हणजे असंच होणार. आठ भागांत आटोपली असती तर आजही नाव निघाल्यावर अंगावर काटा आला असता.

कातरवेळ
रापण, घराचा मुद्दा मान्य. पण मागच्या पडवीत जाताना नेमकं काय वाटायचं, काही दिसेल की काही ऐकू येईल?

रापण
दिवाच नव्हता, दिसणार काय डोंबल.

कातरवेळ
तेच म्हणतोय मी.

वर्गणीदार
इतके प्रतिसाद आले आणि भयकथाकार नारायण धारपांचं नाव नाही? धारपांकडे ना व्हायोलिन होतं ना चित्र. वाचनालयातलं पिवळं पडलेलं पुस्तक, बहुधा मागची दोन पानं गायब, आणि तरी रात्री दिवा चालू ठेवून झोपलेली एक अख्खी पिढी आहे. धारप संथपणे घराची मांडणी सांगत राहतात, खोल्या, कोनाडे, कोण कुठे झोपतं ते. घाबरेपर्यंत ते घर आपल्याला पाठ झालेलं असतं. रापण यांचा मुद्दा धारपांनी कागदावर आधीच करून ठेवलाय.

‘तुंबाड’ला (२०१८) धारपांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा होती आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. त्याचं संगीत जेस्पर कीड या डॅनिश माणसाचं, जो व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी ओळखला जातो. पण ‘तुंबाड’मध्ये मला आठवतो तो पाऊस. दिग्दर्शक राही अनिल बर्वेनं खऱ्या पावसाळ्यांत चित्रीकरण केलं, आणि तो पाऊस दिसतो, ऐकू येतो, जवळजवळ अंगाला लागतो. यात डोळा कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो ते वेगळं काढून दाखवा कुणीतरी.

खवीस_सदाशिवपेठी
धारपांना +१. पण सगळ्यांना आपापलं बरोबर वाटेल असे प्रतिसाद देऊ नका, धागा मरतो.

रद्दीवाला
मरत नाही. धागाकर्त्यानं माझ्या ‘उझुमाकी’ मालिकेच्या प्रश्नाला अजून हात लावलेला नाही.

कातरवेळ
लावतो. तिथं आवाज चांगलाच होता. चित्रं इतकी ढिली झाली की हसू यायला लागलं, आणि एकदा हसायला लागलेल्या माणसाला स्टेटसनच काय, हर्मनही घाबरवू शकत नाही.

स्वरभंग
म्हणजे चित्रं नुसती हजेरी लावत नाहीत. शीर्षक बदला.

कातरवेळ
शीर्षक राहणार. आज रात्री ‘हॅलोविन’ आवाज बंद करून बघा आणि उद्या इथं येऊन सांगा.

रद्दीवाला
बघतो. तुम्ही इतोचं पुस्तक कानात बोळे घालून वाचा.