सँडी डेनीने फेअरपोर्ट सोडायला नको होतं

रानवेल
१९६९ च्या डिसेंबरात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लंडनच्या बँडची 'लीज अँड लीफ' आली. जुनी इंग्रजी लोकगीतं, पण इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर. गायिका सँडी डेनी, वय २२. रेकॉर्ड दुकानात पोचेपर्यंत बाईंनी बँड सोडलाही होता! माझ्या मते तिथेच गाडी घसरली. त्यातलं 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐका. सरदाराची बायको एका साध्या पोराला घरी नेते, नवरा येऊन दोघांनाही मारतो आणि वर फर्मावतो: एकाच खड्ड्यात पुरा, पण हिला वरच्या बाजूला ठेवा, ही खानदानी आहे. हे सगळं सँडी आवाज न चढवता, बातमी सांगावी तसं सांगते. मग बँडमधल्या स्वारब्रिकचं फिडल (व्हायोलिनच ते) आणि थॉम्पसनची गिटार जी सुटतात, ती आठ मिनिटं संपेपर्यंत थांबत नाहीत. असं काही नंतर तिच्या हातून झालं नाही.

काळी दोन
साफ असहमत. लोकगीतं छान गाणाऱ्या मुली तेव्हा इंग्लंडात पैशाला पासरी होत्या. 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' लिहिणारी एकच. तेही फेअरपोर्टमध्ये येण्याआधी लिहिलेलं. अमेरिकन गायिका जूडी कॉलिन्सने १९६८ मध्ये ते गायलं आणि आख्ख्या रेकॉर्डला त्याचंच नाव दिलं. अशा बाईने जन्मभर सरदारांच्या बायका पुरत बसायचं का?

रानवेल
स्वतःची गाणी गाऊन मिळालं काय? १९७० आणि ७१, दोन्ही वर्षी 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम ब्रिटिश गायिका ठरवलं. रेकॉर्डी मात्र खपेनात. १९७४ च्या 'लाइक ॲन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ'मध्ये तर व्हायोलिनांचा एवढा ताफा की आवाज हुडकावा लागतो.

नुसताच वाचक
लेड झेपेलिन या रॉक बँडच्या 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये त्यांच्या गायकाबरोबर, प्लँटबरोबर, गाते ती हीच का?

काळी दोन
हो, हीच. त्या बँडने बाहेरच्या कुणाला असं बरोबरीने गायला लावलं ते तेवढंच.

जुना कॅसेटवाला
तुम्ही दोघंही चुकीच्या बँडवर भांडताय. १९७० मध्ये तिने ट्रेव्हर लुकसबरोबर (पुढे नवरा) फॉदरिंगे काढला. त्यात तिची गाणी होती, पारंपरिकही होती, आणि मागे वाजवणारे तिच्या आवाजाला जागा ठेवून वाजवायचे. एक रेकॉर्ड आली, दुसरी अर्ध्यात असताना १९७१ च्या सुरुवातीला दुकान बंद. निर्माता जो बॉइड आणि आयलंड ही रेकॉर्ड कंपनी यांना ती एकटी हवी होती, एकटीचं नाव जास्त विकेल म्हणून. ते अर्धवट काम २००८ मध्ये बाहेर आलं, ती जाऊन ३० वर्षं झाल्यावर. सोडायला नको होता तो बँड हा!

सांजरंग
काहीही म्हणा, ३१ व्या वर्षी गेली बिचारी. दारू, जिन्यावरून पडणं, घरात तान्ही मुलगी...

काळी दोन
@सांजरंग, तिच्यावरची प्रत्येक चर्चा शेवटी जिन्यापाशीच येते. गाण्यांबद्दल बोलू.
@जुना कॅसेटवाला, फॉदरिंगेबद्दल मान्य.
@रानवेल, ती १९७४ मध्ये फेअरपोर्टमध्ये परत गेली होती, विसरलात? 'रायझिंग फॉर द मून' (१९७५) तेव्हाचीच. तीही फार चालली नाही आणि ती पुन्हा बाहेर पडली. बँडने तारलं असतं तर तेव्हाच तारलं असतं.

रानवेल
तो दाखला बाद. तोवर थॉम्पसन नव्हता, बास गिटारवाला हचिंग्ज नव्हता. नावापुरता फेअरपोर्ट.

काळी दोन
हेच तर म्हणतेय! हचिंग्जला अजून जास्त पारंपरिक हवं होतं, तो तिच्याच सुमारास गेला. थॉम्पसन १९७१ च्या सुरुवातीला. ती थांबली असती तर तुमच्या 'मॅटी ग्रोव्ह्ज'वाल्या बँडमधलं किती उरणार होतं?