प्रतिसाद: एका फॉलला पाच रामरक्षा

"देवदेव करणाऱ्या बायकांना कामं कमी असायची" हे वाक्य इथे वाचलं, पटलं नाही, म्हणून लिहितेय.

आमची आई इंदूरला साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. बाबा लवकर गेले, आम्ही तिघं भावंडं. पिको म्हणजे कडेची शिलाई मशीनवर, फॉल म्हणजे काठाला आतून लावायची पट्टी मात्र हातानं. आणलेला फॉल आधी पाण्यातून काढून वाळवायची, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि काठ गोळा होतो. मग सुई चालू आणि तोंडानं रामरक्षा. घड्याळाकडे बघायचीच नाही. "एका फॉलला पाच रामरक्षा," हा तिचा हिशेब. गिऱ्हाईक विचारायचं, "भाभी, कब तक होगा?" ही म्हणणार, "बस, दो रामरक्षा बाकी है." टाके उजव्या बाजूला दिसले तर उसवून परत घालायची. त्या परतीच्या रामरक्षा हिशेबात नसायच्या!

उपास फार करायची, ते मला आजही पटत नाही. भांडायचे मी त्यावरून.

श्रावण वद्य चतुर्दशीला अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. पालखी निघायची त्या दिवशी दुपारनंतर मशीन बंद. बाकी वर्षभर सुट्टी नाही. मुलगा गेला, नवरा तर आधीच गेलेला, तरी 1767 ते 1795 बाईनं राज्य चालवलं, हे ती आम्हाला शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगायची. राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला हात जोडायची आणि लगेच, "चला, तीन साड्या द्यायच्या आहेत."

सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालायची तिची अंगठी, अंगुस्तान म्हणायची ती, माझ्याकडे आहे. माझ्या बोटाला सैल होते.