जुने विनोदी सिनेमे पुन्हा पाहिले, हसू आलं का?

परवा रविवारी दुपारी आई, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक अशा तिघी 'अशी ही बनवाबनवी' लावून बसलो. (बनवाबनवीवर सगळेच लिहिणार, म्हणून मीच आधी लिहून टाकते. बाकीचे मोकळे.) १९८८चा सिनेमा. मी किती वेळा पाहिलाय त्याची मोजदाद नाही, आईने त्याहून जास्त. गंमत अशी की आईचं हसू विनोदाच्या दोन सेकंद आधी येत होतं. सुधीर जोशींचा घरमालक नुसता दारात दिसला की हिचा पदर तोंडाला. लेक माझ्याकडे बघायची, काय झालं? अजून तर काहीच झालं नाही!

लेकही हसली, पण भलत्याच ठिकाणी. साड्या नेसलेल्या सचिन आणि लक्ष्याला बघून नाही. "त्यात काय, रीलवर सगळेच करतात." तिला हसू फुटलं ते सत्तर रुपयांच्या प्रसंगाला, आणि तेही अशोक सराफ चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता बोलतात म्हणून. मग मध्येच तिने सिनेमा थांबवला. "हे चौघं एवढं खोटं बोलले, आणि त्या मुली पाच मिनिटांत माफ करून टाकतात?" आई म्हणाली, "अगं, सिनेमा आहे तो." मी पुढे हसले, नाही असं नाही, पण लेकीचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

तर तुम्ही असा एखादा जुना विनोदी सिनेमा अलीकडे पुन्हा पाहिलात का? कुणाबरोबर? कुठे हसलात, कुठे हात रिमोटकडे गेला? "आता तसे सिनेमे होत नाहीत" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सगळ्यांना पाठ आहे. प्रसंग सांगा.

*

माझा 'जाने भी दो यारो'.

आमच्या चाळीत गणपतीत व्हीसीआर भाड्याने यायचा. एका रात्रीत तीन कॅसेटी. चित्रावर मुंग्या आल्या की तळमजल्यावरचे एक काका खिशातून कोरी करकरीत नोट काढायचे आणि घडी घालून हेड पुसायचे. नोट कितीची यावरून त्या महिन्यातली त्यांची परिस्थिती कळायची. हा सिनेमा नेहमी शेवटचा लागायचा, कारण त्यातलं महाभारत. सतीश शहांचं प्रेत द्रौपदी बनून स्टेजवर उभं, आणि जो तो त्याला ओढायला बघतोय. आम्ही पोरं सतरंजीवर गडाबडा लोळायचो. ते संपेपर्यंत पहाट व्हायची, व्हीसीआर परत करायची वेळ झालेली असायची, आणि काका बटण दाबून टाकायचे. दर वर्षी तिथेच.

म्हणजे सिनेमाचा शेवट मी पाहिलाच नव्हता, आणि आपण पाहिलेला नाही हेही मला माहीत नव्हतं! माझ्यापुरता तो महाभारतावर संपत होता.

पुढे मी सिव्हिल इंजिनिअर झालो. अठरा वर्षं साइटवर काढली. मागच्या पावसाळ्यात एका रात्री एकट्यानेच लावला. महाभारताला हसलो, पण आवाज न करता, एकटा माणूस हसतो तसा. बटण दाबायला काका नव्हते, म्हणून सिनेमा पुढे चालू राहिला. पूल पडतो, त्याचा ठपका त्या दोन फोटोग्राफरांवर येतो, कंत्राटदार आणि साहेब मंडळी सुटतात. नसीर आणि रवी बासवानी कैद्यांच्या कपड्यांत भर रस्त्यातून चालत येतात, मागे 'हम होंगे कामयाब', आणि कॅमेऱ्याकडे बघून दोघंही गळ्यावरून हात फिरवतात. संपलं.

१९८३चा सिनेमा. सकाळी साइटवर गेलो तर स्लॅबची तारीख आलेली होती, सिमेंटच्या गोणी मोजायच्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. एवढंच सांगतो.

*

'झपाटलेला'. १९९३ साली थिएटरमध्ये अर्धा पाहिला, उरलेला अर्धा आईच्या मांडीत तोंड खुपसून ऐकला. आता मी चाळीस पार. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी केला, तो हाताने चालतो, सगळं ठाऊक आहे. तरी अजून पूर्ण पाहिलेला नाही. विनोदी आहे म्हणतात.

*

माझं सासर तमिळ. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत टीव्हीवर 'पडोसन' लागला आणि माझी धडधड सुरू झाली. लहानपणी आमच्याकडे मेहमूदचा तो मद्रासी गायनमास्तर म्हणजे हसून मुरकुंडी, त्याच्या शेंडीपासून त्याच्या हिंदीपर्यंत. आणि आता शेजारच्या खुर्चीत सासरे, चाळीस वर्षं कर्नाटक संगीत ऐकणारे. चॅनल बदलावा तर का बदललं म्हणून विचारणार.

'एक चतुर नार' सुरू झालं. सासरे पुढे सरकून बसले. मांडीवर ताल धरला. मी श्वास रोखून. गाणं संपल्यावर म्हणाले, "हा शुद्ध अन्याय आहे." मी म्हटलं, झालं, आता उच्चारांवर येणार! तर ते म्हणाले, "मन्ना डे हरतात कसे? ज्याला सूर कळतो त्याला हरवायचं आणि जो नुसता दंगा करतो त्याला जिंकवायचं?" उच्चारांबद्दल अवाक्षर नाही. मग मीच विचारलं. तर म्हणाले, "तसं बोलणारं आमच्यात कुणी नाही. तो माणूस तुमच्याच डोक्यातला."

चहा ठेवायला उठले. त्यानंतर 'पडोसन' लागला की मी गाणं ऐकते आणि बाकीचा ढकलते.

*

आमच्या घरी 'धूमधडाका' पाहिला जायचा नाही, केला जायचा. माझा थोरला भाऊ, दादा, अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर करायचा. बाबांची मोडकी काठी, पाइप म्हणून पितळी कुलपाची लांब किल्ली, आणि ते खोकणं, 'व्याख्या विख्खी वुख्खू'. पाहुणे आले की फर्माईश. कुणाचं साखरपुड्याचं बिनसलं की दादाला बोलवा. शाळेत गुरुजींनीही एकदा वर्गात करायला लावलं आणि मग वर्गात गोंधळ केला म्हणून त्यालाच बाहेर उभं केलं.

गेल्या वर्षी सिनेमा कितीतरी काळाने पाहिला. आणि काय सांगू, मूळ जरा फिकं वाटलं. म्हणजे शरद तलवारांची... थांबा, तळवलकरांची (फोन आपल्या मनाचं टाइप करतो) धांदल आहे तशीच ताजी आहे, ते भाबडेपणाने फसतात ते बघायला आजही मजा येते. पण तो खोकला आला आणि मला वाटलं, हे अशोक सराफ आमच्या दादाची नक्कल करतायत, आणि ठीकठाक करतायत.

दादा आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तेव्हाच्या तेव्हा फोन लावला, म्हटलं एकदा कर ना. म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे." रात्री पुन्हा विचारलं तर, "वय काय आपलं?" म्हटलं बरं. साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा आवाज आला, चार सेकंदांचा. नुसता खोकला. पाठीमागे वहिनी म्हणत होती, "अहो, औषध घेतलंत का?"

*

भर घालतो. 'बनवाबनवी'ची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), आणि 'धूमधडाका'ची 'काधलिक्क नेरमिल्लै' या १९६४च्या तमिळ सिनेमाची, जो हिंदीत 'प्यार किये जा' झाला. हे 'चोरी चोरी' म्हणून ओरडायला सांगत नाही. लागोपाठ दोन रविवारी मी 'बीवी और मकान' आणि 'बनवाबनवी' पाहिले. खोली मिळत नाही, म्हणून दोघांनी बायका व्हायचं, हा सांगाडा तोच. तरी मराठी सिनेमा जास्त पळतो, आणि मला विचाराल तर तो पळतो वसंत सबनीसांच्या संवादांवर. त्यातली माणसं विनोद करत नाहीत, अडचणीतून सुटायला बघतात. वाक्य सुटायच्या घाईत तोंडातून पडतं आणि आणखी अडकवतं. म्हणून ते पाठ असलं तरी शिळं होत नाही. सबनीसांनीच दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' (१९७१) लिहिला होता. दोन्ही एकाच हातचे आहेत हे मला फार उशिरा कळलं.

*

मी सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं लिहून बाकीच्यांना सोडल्यासारखं होईल. ऐंशी-नव्वदच्या दशकात एक जाडी मुलगी असायची. ती आली की बँडचा ढुम्म आवाज. ती खुर्चीवर बसली की खुर्ची मोडणार. ती हिरोच्या मित्राच्या मागे लागणार आणि तो पळणार. बस्स, एवढंच तिचं काम.

सहावीत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून तो ढुम्म यायचा. तोंडाने. फार हुबेहूब.

मध्यंतरी भाचरांनी तोच सिनेमा लावला. ती बाई पडद्यावर आली, बँड वाजला, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. पंचेचाळीस वर्षांची बाई मी. भाचरं हसली नाहीत, त्यांना तिथे विनोद आहे हेच कळलं नाही, मोबाइल बघत बसली. मला त्याचा किती आनंद झाला हे त्यांना सांगून कळलं नसतं.

*

वर 'सोंगाड्या' निघाला म्हणून लिहिते. माझं माहेर गावातलं. जत्रेत तंबू टॉकीज यायची, मध्ये कनात, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. दादा कोंडक्यांचा कुठलाही सिनेमा असो, बाप्यांकडून शिट्ट्या आणि आमच्याकडे शांतता. मी आठ-नऊ वर्षांची. मला वाटायचं बायांना काही कळत नाहीये. आजी आमची सोवळ्यातली, देवाला न विचारता पाणी न पिणारी, तीही मख्ख.

मग एकदा अंधारात माझा हात तिच्या पोटाला लागला. पोट गदागदा हलत होतं. आवाज नाही, चेहरा तसाच, पदराचा बोळा दातात धरलेला. मी बाजूला बघितलं तर ओळीने सगळ्या बायांचे पदर दातात.

आता पाहिले तर सगळंच काही आवडत नाही. पुढे पुढे द्व्यर्थी संवाद हाच धंदा झाला, एकेका वाक्याला नुसती कोपरखळी, दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. पण 'सोंगाड्या' तसा नाही. तमाशाला भुललेला तो भोळा नाम्या, रत्नमालाबाईंची ती आये, त्यात जीव आहे. आणि 'पांडू हवालदार'मध्ये (१९७५) कोंडके आणि अशोक सराफ समोरासमोर येतात तेव्हा मी अजून मोठ्याने हसते. आता पदर नसतो, ओढणीही नसते. तोंडावर हात मात्र जातोच.

*

मी हौशी नाटकं बसवतो, त्यामुळे माझा अनुभव जरा धंद्याच्या अंगाने. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांना घेऊन गैरसमजाची एकांकिका करायला घेतली. पहिल्याच वाचनात एक मुलगी म्हणाली, "सर, पण हा तिला फोन का करत नाही?" झालं! पंचवीस मिनिटांची एकांकिका दीड मिनिटात संपली. मग आम्ही फोनची बॅटरी संपवली, रेंज घालवली, एकाचा फोन पाण्यात टाकला. तिसरा फोन मारेपर्यंत प्रेक्षकांची दया गेली असती.

म्हणून मुलांना गुलजारांचा 'अंगूर' (१९८२) दाखवला. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरचा, जुळ्यांच्या दोन जोड्या, संजीव कुमार दोन, देवेन वर्मा दोन. माझी भीती अशी की मुलं त्यातही फोनच शोधतील. एकानेही विचारलं नाही. नंतर आम्ही तो तुकड्या-तुकड्याने पाहिला तेव्हा कारण सापडलं. बाहेरगावहून आलेला अशोक हेरकथा वाचून वाचून आधीच संशयी झालेला. परकी माणसं त्याला नावाने हाक मारतात, घरी चल म्हणतात, तर त्याच्या मते ही ठगांची टोळीच. त्याच्या हातात फोन दिला असता तरी त्याने तो टोळीचाच समजला असता! म्हणजे गैरसमज निरोप न पोचल्यामुळे नाही, स्वभावामुळे आहे. आणि संजीव कुमार हे सगळं इतक्या कळवळून करतात, हसवण्याचा आव कुठेच नाही.

उलट 'हेराफेरी' (२०००) बघताना टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे काय हे मुलांना आधी समजावून सांगावं लागलं. तरी बाबूरावला ती हसलीच.

एकांकिकेतले सगळे फोन आम्ही जिवंत केले आणि नायकाला संशयी केलं. उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक म्हणाले, लांबली.

*

मीच पुन्हा. वरचं सगळं आई आणि लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ढुम्मवाल्या ताईंचं वाचताना लेक काही बोलली नाही, मग म्हणाली, "आमच्या वर्गात पण एक आवाज आहे." कुणासाठी ते सांगितलं नाही. विचारीन सावकाश.

खोकला तिने तीनदा करायला लावला, मला जमला नाही.

तंबू टॉकीजचं वाचून झालं तेव्हा आई खिडकीबाहेर बघत होती. लेकीने विचारलं, "आजी, तू पाहिलायस 'सोंगाड्या'?" "छे, आम्हाला कोण जाऊ देतंय." लेक म्हणाली, मग आज लावू या? आई उठली, वाटलं आत निघाली. तिने बाहेरचं दार लावलं, कडी घातली, आणि पदर सारखा करत सोफ्यावर येऊन बसली.