मुंदडा प्रकरणातला राजीनामा: वडिलांच्या वहीवरून पडलेला प्रश्न

विट्याची माई

नमस्कार मंडळी. प्रश्न जुना आहे, पण परवा माळा आवरताना पुन्हा वर आला.

माझे वडील विम्याचे एजंट. आधी एका खासगी कंपनीचे, १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळाचे. २४५ कंपन्या नि सोसायट्या त्या दिवशी एकात आल्या, त्यांत त्यांचीही गेली. विटा, लेंगरे, भाळवणी अशी सायकलवरून वसुली. त्यांची हप्त्यांची एक वही माळ्यावर सापडली. फेब्रुवारी १९५८ च्या पानावर, समासात शिसपेन्सिलीने एवढंच लिहिलंय: "कृष्णम्माचारी गेले. आता तरी लोक हप्ता देतील." म्हणजे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, टीटीके, यांनी राजीनामा दिला.

मी तेव्हा तीन वर्षांची. पण आई सांगायची, त्या हिवाळ्यात दादा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी तोंड पाडून यायचे. गावात पेपर एकच यायचा, तो पारावर मोठ्याने वाचला जायचा. त्यात आलं की महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या शेटजीचे शेअर घेतले, १ कोटी २४ लाखांचे. शेअर म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपले पैसे शेटजीला गेले, एवढं मात्र नीट कळलं. एका म्हाताऱ्याने म्हणे दादांची सायकलच धरून ठेवली. "माझा हप्ता दिल्लीत कुणी खाल्ला ते सांग, मग पुढं जा." दादा सांगत राहायचे की पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हातारा म्हणाला, "सरकारनंच दिलं नव्हं शेटजीला?"

माझा नातू स्पर्धा परीक्षा देतोय. त्याला वही दाखवली, तर म्हणतो, "आजी, हेच टीटीके १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. मग गेले कुठे?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं? त्या राजीनाम्याला काही अर्थ होता का? आणि अधिकाऱ्याने केलेल्या व्यवहारासाठी मंत्र्याने का जावं?

जुना वकील, कोल्हापूर

माई, वही जपून ठेवा. कागद पिवळा पडला असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट हवेत वाट लागते.

आता प्रश्न. १६ डिसेंबर १९५७ ला लोकसभेत हे प्रकरण फिरोज गांधींनी लावून धरलं. विरोधकांनी नव्हे, काँग्रेसच्याच खासदाराने, आणि पंतप्रधानांच्या जावयाने! सहा कंपन्यांचे शेअर होते: रिचर्डसन क्रुडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन वगैरे. गुंतवणूक समितीला विचारलंच नव्हतं. काही शेअर तर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतलेले. म्हणजे अडचणीतल्या माणसाला हात द्यायचा, आणि तो पॉलिसीवाल्यांच्या खिशातून.

चौकशी आली मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे. जानेवारीत नेमणूक, फेब्रुवारीत अहवाल. एका माणसाचा आयोग, सुनावणी उघड. इतकी गर्दी झाली की बाहेर कर्णे लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अध्यक्ष, सगळे साक्षीला. पटेल म्हणाले, मंत्र्यांना माहीत होतं, त्यांनी मान्यता दिली होती. मंत्री म्हणाले, मी दिली नाही. छागलांनी म्हटलं त्याचा मथितार्थ असा: सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, त्याला सचिवाच्या आड लपता येणार नाही.

का जावं, याचं उत्तर माझ्या मते साधं आहे. संसदेला सचिवाला जाब विचारता येत नाही. तो तिथे बसतच नाही. बसतो मंत्री. त्यानेही हात वर केले तर तुमच्या त्या म्हाताऱ्याने विचारायचं कुणाला?

कट्ट्यावरचा पुणेकर

वकीलसाहेब, चित्र फार गोड काढलंत. नेहरूंनी राजीनामा स्वीकारताना टीटीकेंची पाठराखणच केली होती. यात त्यांचा वाटा अगदी थोडा, असंच त्यांचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये ते मंत्रिमंडळात परत. पटेल १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतःच अर्थमंत्री! ज्या दोघांत कोण खरं बोलतो यावरून एवढं रामायण झालं, ते दोघेही पुढे त्या खुर्चीवर. घरी गेलं कोण?

आणखी एक गंमत. १९५१ मध्ये मुंबईचे खासदार एच. जी. मुद्गल यांनी तिथल्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडली, असं उघडकीस आलं. नेहरूंनी चौकशी समिती नेमायला लावली. तिचे अध्यक्ष कोण? टी. टी. कृष्णम्माचारी. मुद्गल बडतर्फीच्या आधीच राजीनामा देऊन मोकळे होऊ पाहत होते, पण सभागृहाने ठराव केला की हा माणूस बडतर्फीलाच पात्र होता. राजीनामा ही पळवाट होऊ शकते, हे टीटीकेंइतकं कुणाला माहीत असणार?

माजी कक्ष अधिकारी (दिल्लीत ३१ वर्षं)

पुणेकर, टोला चांगला मारलात, पण मुद्गल आणि मुंदडा एका मापाने मोजू नका. मुद्गल यांनी पैसे घेतले होते. टीटीकेंनी खिशात काही घातलं, असा ठपका छागलांनी ठेवलेला नाही.

मी एका मंत्रालयात फायली हलवण्यात उमर घालवली, नाव सांगत नाही. तिथे एक शेरा असतो, "अ‍ॅज डिस्कस्ड". चर्चेप्रमाणे. चर्चा कुणाची, कुठे, किती वाजता, काही नाही. वरून फाइल "प्लीज स्पीक" लिहून परत येते, साहेब आत जाऊन येतात आणि खाली "अ‍ॅज डिस्कस्ड" पडतं. १९५७ चा व्यवहार वाचला की मला तोच शेरा दिसतो. पुढे भानगड झाली की वरचा म्हणणार मी असं बोललोच नाही, खालचा म्हणणार साहेबच म्हणाले. एकदा माझ्यावरही आली. साहेबांनी तोंडी सांगितलेलं मी त्याच संध्याकाळी टिप्पणीत लिहून त्यांच्याकडेच परत पाठवलं. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण सही केली.

त्यामुळे माई, राजीनाम्यापेक्षा मला त्या साक्षी मोठ्या वाटतात. ज्यांच्यातला संवाद एरवी बंद दाराआड विरून जातो, ते मंत्री आणि सचिव लोकांसमोर एकमेकांचं खोटं ठरवताहेत आणि रस्त्यावरचा माणूस कर्ण्यावर ऐकतोय. आज तसं करून बघा. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. अधिकाराच्या खुर्चीतून घेतलेल्या निर्णयाबद्दल पोलिसांनी चौकशी करायची तरी आधी परवानगी हवी. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवं हे मला पटतं, मी ते भोगलंय. पण परवानगी देणारी खुर्ची कुणाची, तेही बघा.

विट्याची माई

सगळ्यांचे आभार. नातवाला सगळं वाचून दाखवलं. त्याने एक धागा काढला, तो लिहिते. विम्याचं राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये केलं ते चिंतामणराव देशमुखांनी. महामंडळ उभं राहायच्या आतच, जुलैमध्ये, मुंबई केंद्रशासित करण्यावरून त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टीटीके आले. दादांना देशमुखांचं भारी कौतुक. "आपला माणूस मुंबईसाठी खुर्ची सोडून आला," हे मी शंभरदा ऐकलंय. टीटीकेंबद्दल मात्र चकार शब्द नाही, फक्त ती समासातली ओळ.

पुणेकर, तुमचा प्रश्न खरा आहे. घरी कुणी गेलं नाही. पण वहीची पुढची पानं मी काल नीट पाहिली. जानेवारीत लेंगऱ्याच्या अकरा नावांपुढे फुल्या आहेत, हप्ता थकलेला. मार्चमध्ये त्यातल्या आठांपुढे रक्कम भरलेली. राजीनाम्यामुळे भरली, की हंगामाचे पैसे हातात आले म्हणून, ते दादाच जाणोत.

कट्ट्यावरचा पुणेकर

आणि उरलेले तीन?

विट्याची माई

दोघांची पॉलिसी बंद पडली. तिसरा तो सायकल धरणारा म्हातारा. त्याच्यापुढे मार्चमध्ये दादांनी पुन्हा फुली मारलीच नाही, हप्ता स्वतःच भरलेला दिसतोय. शेजारी लिहिलंय, "उसने."