४१३ एरर आला की लिमिट वाढवून मोकळं व्हावं का?

टेरीटॉवेल: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची ऑर्डरची साइट बघतो मी, सर्व्हर अपाचे, एचटीटीपीएस. एजंट लोक जकार्डची (विणकामाच्या नक्षीची) डिझाइनं चढवतात, त्यांच्या फोल्डरला क्लायंट सर्टिफिकेट लावलंय, म्हणजे ज्याच्या ब्राउझरात हे डिजिटल ओळखपत्र आहे तोच आत. १०० केबीची फाइल जाते, ३०० ची टाकली की ४१३, म्हणजे पाठवलेला माल फार मोठा. पीएचपीत पोस्टची मर्यादा ८ एमबीची ६४ केली तरी तेच. माझं म्हणणं, सगळ्या लिमिट काढून टाका, धंदा करायचाय का पहारा द्यायचाय?

शेंगाचटणी: पहारा नको तर सर्टिफिकेट कशाला लावलास बे? ३०० केबीला अडतंय म्हणजे पीएचपीचा संबंध नाही, तिथं एका फाइलची मर्यादा डिफॉल्टच २ एमबी आहे. एरर लॉग उघड, १३१०७२ दिसतंय का बघ.

टेरीटॉवेल: आहे की! काय भानगड ही?

शेंगाचटणी: एवढे बाइट म्हणजे १२८ केबी. सर्टिफिकेट फोल्डरपुरतं मागितलं की कुठला फोल्डर हे कळेपर्यंत रिक्वेस्ट येऊन थडकलेली असते, मग अपाचे हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू होतानाची ओळखपरेड, परत करतो (हेच रिनेगोशिएशन) आणि तोवर फाइल मेमरीत धरून बसतो, ती जागा एवढीच.

टेरीटॉवेल: मग त्या जागेची सेटिंग, एसएसएल रेनेग बफर साइझ, २० एमबी करतो, विषय संपला.

शेंगाचटणी: कुठला संपतोय. ती मेमरी सर्टिफिकेट तपासायच्या आधीच खर्च होते, म्हणजे कोणीही उपटसुंभ भरू शकतो. असे ५० जण एकदम घुसले की १ जीबी गेली. सर्टिफिकेट अख्ख्या व्हर्च्युअल होस्टला, म्हणजे त्या पत्त्यावरच्या सगळ्या साइटला लाव, पहिल्याच हँडशेकला मागेल, बफर लागणारच नाही.

चाटीगल्ली: झालं तुमचं पुस्तकी ज्ञान. चादर बघायला आलेल्या किरकोळ गिऱ्हाइकालाबी ब्राउझर सर्टिफिकेट मागणार मग, ते थांबतंय होय? आणि ५० जण कुठले आणताय, एजंट आहेत किती. बफर २ एमबी करा, डिझाइनची फाइल त्यात आरामात बसते.

शेंगाचटणी: म्हणून एजंटांना वेगळं सबडोमेन, म्हणजे साइटचा वेगळा पत्ता द्यायचा, दुकान आपल्या जागी. आणि हल्ला करणारा काय एजंटांची यादी बघून येतो का राव?

बाळीवेस: मला बफरचा वादच फालतू वाटतो. एचटीटीपीएस ज्यावर चालतं त्या टीएलएसच्या १.३ आवृत्तीत, म्हणजे २०१८ पासून, रिनेगोशिएशनच काढून टाकलंय. हे फोल्डरचं गणित चालतंय म्हणजे साइट बहुतेक जुन्या १.२ वर अडकलीय, कितीबी बफर वाढवा, सबडोमेन कधीतरी करावंच लागणार.

चाटीगल्ली: कधीतरी ना? एजंट आज फाइल घेऊन बसलाय, नवा पत्ता सांगितला की तो डिझाइन व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा होणार, मग कुठली सिक्युरिटी नि कुठलं काय.

टेरीटॉवेल: २ एमबी केलं, फाइल गेली. सबडोमेनचं मालकाला तुम्हीच येऊन पटवा.